सड्यावरचं पाणी

आंबोलीत पाऊस लागला की मला येणाऱ्या फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: धबधबा सुरू झाला का? मी इथलाच. पावसाळ्यात पाहुण्यांना रानात फिरवणं हे माझं काम. धबधब्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही, घाटातल्या कितीतरी घरांची चूल त्याच्यावर पेटते. पण आंबोलीत जे आहे आणि जगात दुसरीकडे कुठेच नाही, ते धबधब्यापासून लांब, उघड्या कातळावर असतं. गेल्या जूनमधला एक दिवस मला त्यासाठीच सांगायचाय.

पाऊस लागून तीन-चार दिवस झाले होते. कोल्हापूरहून दोन कुटुंबं आली होती, शाळकरी मुलं बरोबर, आणि सत्तरी ओलांडलेल्या एक निवृत्त शिक्षिका. सगळे त्यांना बाईच म्हणत. सकाळी घाटातला मोठा धबधबा झाला. पहिल्या पावसाचं गढूळ, लालसर पाणी, पायऱ्यांवर खेचाखेच, भज्यांचा आणि भाजलेल्या कणसांचा वास, खाली गाड्यांची रांग. मुलं मनसोक्त भिजली. मग पँटचे पाय मोज्यांत खोचायला लावून मी सगळ्यांना पायवाटेनं रानात घेतलं.

आंबोली समुद्रसपाटीपासून साधारण 690 मीटरवर आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग इथं सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि वर्षाकाठी 7000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस देतात. एवढं पाणी पिऊन वाढलेलं हे रान भरदुपारीही काळोखं असतं. अंजनीची खोडं शेवाळानं झाकून जातात, जांभळीच्या फांद्यांवर नेचे आणि आमरी वाढतात, आणि वाटेवरच्या पाचोळ्यातून जळवा माना वर काढून उभ्या राहतात. एका मुलीच्या घोट्याला जळू लागली तेव्हा तिची आई घाबरली. मी नखानं जळवेचं तोंड सोडवलं आणि जरा वेळ रक्त येईल, ते धुऊन टाका, म्हटलं. पुढच्या अर्ध्या तासात तीच मुलगी दुसऱ्यांच्या जळवा काढून देत होती.

चालताना मी मुलांना पाण्याच्या वाटा सांगतो, कारण त्या इथं डोळ्यांनी दिसतात. घाटातून खाली पडणारं पाणी कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतं. तिथून थोड्याच अंतरावर उगम पावणारी हिरण्यकेशी मात्र पूर्वेला वळते, घटप्रभेतून कृष्णेला आणि कृष्णेबरोबर थेट बंगालच्या उपसागराला. तिच्या उगमाशी महादेवाचं देऊळ आहे. तिथल्या पाण्यातला एक इवलासा मासा 2020 मध्ये विज्ञानाला नवा म्हणून नोंदला गेला, त्याला नदीचंच नाव मिळालं, आणि 2021 मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. बोटाएवढ्या माशासाठी सरकारनं जागा राखली, हे मुलांना फार आवडतं. मलाही.

एका ओढ्यावर झुकलेल्या फांदीला पांढरा फेस लटकत होता. तो मलबारी उडत्या बेडकाचं घरटं. अंडी फेसात वाढतात आणि पिल्लं तयार झाली की टपाटप खाली पाण्यात पडतात. तिथून चार पावलांवर, गुडघ्याएवढ्या उंचीच्या झुडपावर मलबार चापडा वेटोळं करून बसला होता. विषारी साप, पण आपण हात घातला नाही तर तोही जागचा हलत नाही. आम्ही अंतर ठेवून बघितला आणि पुढं निघालो.

रान संपलं आणि सडा लागला. सडा म्हणजे जांभ्याचा सपाट, उघडा कातळ. कोणता सडा ते मी लिहिणार नाही. जागा कळली की कॅमेरे घेऊन झुंड येते आणि चांगल्या फोटोपायी प्राणी उचलून हलवले जातात, हे मी पाहिलंय.

त्या कातळाच्या खोलगट भागांत पावसाचं पाणी साठलं होतं. ताटाएवढी डबकी, बोटभरही खोल नाहीत. बाईंना मी एका डबक्याशी वाकायला सांगितलं. कातळाच्या रंगाचा, दोन पेरांएवढा एक टोड, म्हणजे बेडकाचाच एक प्रकार, पाण्यात होता, अंगावर वाघासारखे पिवळे पट्टे. मादीच्या पाठीला मिठी मारून बसलेला. शेजारीच पारदर्शक आवरणातल्या अंड्यांचा छोटा पुंजका. हा आंबोली टोड. 2009 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं. आंबोली आणि तिचा आसपासचा भाग सोडला तर पृथ्वीवर तो कुठेच नाही, आणि नामशेष होण्याचा धोका सर्वाधिक असलेल्या प्राण्यांत त्याची गणना होते. पावसाच्या सुरुवातीचे थोडेच दिवस तो अशा उथळ डबक्यांत अंडी घालतो. चांगली उघडीप पडली तर डबकं आटतं, पिल्लं जातात. म्हणजे आधीच सगळा भरवसा पावसावर.

आम्ही ओणवे होऊन बघत असताना दोन गाड्या सड्यावर चढल्या. गाणी मोठ्यानं लावलेली. पुढची गाडी पाणी उडवत गोल फिरू लागली आणि एक पोरगा खाली उतरून चित्रण करू लागला. मी हात करत धावलो. माझं काही ऐकू जात नव्हतं.

मागं वळून बघतो तर बाई छत्री मिटून त्या डबक्यापुढे कातळावर मांडी घालून बसल्या होत्या. पाऊस पुन्हा सुरू झाला होता. गाडी त्यांच्यासमोर येऊन थांबली.

"आजी, बाजूला व्हा ना. गाडी काढायचीय."

"काढशील रे. आधी खाली उतर आणि हे काय आहे ते बघ."

चढलेला आवाज नाही, दरडावणं नाही. वर्गातल्या पोराला फळ्याशी बोलवावं तसं बोलावलं. तो उतरला, उकिडवा बसला. मी त्याला तेच सगळं सांगितलं जे तुम्हाला सांगितलं. तो बराच वेळ बघत राहिला आणि मग मित्रांवर ओरडला, "गाणी बंद करा रे!" गाड्या परत नेताना तो स्वतः पुढं चालला, वाकून डबकी शोधत, चाक कुठून घ्यायचं ते हातानं दाखवत.

तरीही व्हायचं ते होऊन गेलं होतं. चाकांच्या माखलेल्या खुणेत एका डबक्याचं पाणी पूर्ण उडालं होतं, आणि तिथली जोडी चिरडलेली होती. बाईंनी ती बघितली. मुलांना दाखवू नका असं मला वाटत होतं, पण बाई म्हणाल्या, "बघू देत." मुलांनी बघितलं.

मी फोटो काढून वनरक्षकांना दाखवले, आणि गावातल्या पोरांनाही. चार दिवसांनी संध्याकाळी आम्ही सड्याच्या तोंडाशी मोठमोठे चिरे आणून टाकले. माझ्यासोबतचा एकजण भिजत, हसत म्हणाला, "पावस इलो, आता तरी ह्येंका जगू दे." चारचाकी आता तिथं चढत नाही. मोटारसायकल अजून चिऱ्यांच्या फटीतून जाते, म्हणून यंदा मे महिन्यात तिथं आणखी चिरे लावायचं ठरलंय.