पहिली लिंक मेली तरी बिल्ड चालू राहावं म्हणून

आमच्या सी भाषेतल्या प्रकल्पाच्या मेकफाइलमध्ये (‘मेक’ या बिल्ड करणाऱ्या, म्हणजे प्रोग्रॅम बांधणाऱ्या साधनाच्या नियमांची फाइल) झेडलिब या डेटा आकसवणाऱ्या लायब्ररीच्या १.२.११ आवृत्तीचा टारबॉल (फाइलींचा एकत्र बांधलेला गठ्ठा) डाउनलोड करणारा नियम होता. मार्च २०२२ मध्ये १.२.१२ आलं आणि जुन्या पत्त्यावर ४०४ (‘सापडलं नाही’) दिसू लागलं. नवी आवृत्ती आली की आधीची ‘फॉसिल्स’ फोल्डरमध्ये हलवायची, ही झेडलिबच्या साइटची रीतच आहे. म्हणजे पर्यायी पत्त्यांची सोय आपणच करायची.

फाइल उतरवणाऱ्या कर्लच्या दोन आज्ञा || ने (पहिली फसली तर दुसरी चालव) जोडल्या, तरी दुसरी चालेना. कर्लच्या लेखी ४०४ हे अपयश नाही. सर्व्हरने उत्तर दिलं की त्याचं काम झालं! एररचं पान टारबॉलच्या नावाने सेव्ह होतं. पुढच्या वेळी मेकला फाइल जागेवर दिसते, म्हणून तो नियम पुन्हा चालवतही नाही. --फेल हा पर्याय दिल्यावर कर्ल ४०४ ला नापास करू लागला.

पण एखादा मिरर (त्याच फाइलची प्रत ठेवणारा दुसरा सर्व्हर) २०० (‘सगळं ठीक’) म्हणत भलतंच पान देतो, तिथे --फेलचाही उपयोग नाही. म्हणून शा-२५६ हॅशची (फाइलच्या मजकुरावरून काढलेल्या ठशाची) तपासणी एकेक पत्ता आजमावणाऱ्या लूपच्या आतच हवी, असं माझं ठाम मत आहे. बऱ्याच मेकफाइलींत ती डाउनलोड संपल्यावर, वेगळ्या ओळीत असते. तिथे हॅश जुळला नाही तर बिल्ड थांबतं, आणि पुढचा चांगला मिरर वापरलाच जात नाही.

आता प्रत्येक पत्त्यासाठी क्रम असा: तात्पुरत्या नावाने डाउनलोड, हॅशची तपासणी, मग एमव्हीने (नाव बदलणारी आज्ञा) खरं नाव, आणि लगेच एक्झिट ० (यश). चारही पायऱ्या && ने (आधीची जमली तरच पुढची) बांधलेल्या. लूपनंतर एक्झिट १ (अपयश), म्हणजे सगळे पत्ते संपले तर मेकला ते कळतं. रेसिपीची (मेकच्या नियमातल्या आज्ञांची) प्रत्येक ओळ वेगळ्या शेलमध्ये (आज्ञा चालवणारा प्रोग्रॅम) चालते, त्यामुळे ओळींच्या शेवटी बॅकस्लॅश लागतात आणि शेलच्या व्हेरिएबलपुढे डॉलर दोनदा लिहावा लागतो. --कनेक्ट-टाइमआउट १० हेही घातलं. नाहीतर उत्तरच न देणाऱ्या मिररपाशी कर्ल पाच मिनिटांपर्यंत ताटकळू शकतो.

पर्यायी पत्ता म्हणून गिटहबने आपोआप बनवलेला झिप किंवा टारबॉल मी घेत नाही. जानेवारी २०२३ मध्ये कॉम्प्रेशनची पद्धत बदलल्याने अशा टारबॉलचे हॅश अचानक बदलले होते. तो बदल नंतर मागे घेतला गेला. प्रकल्पाने रिलीजसोबत स्वतः अपलोड केलेली फाइल घ्यावी.

शेवटी पहिला पत्ता मुद्दाम बिघडवून बिल्ड चालवलं, मग पहिल्या पत्त्यावर चुकीची फाइल ठेवून. दोन्ही वेळा टारबॉल ‘फॉसिल्स’मधून आला.