एकाच तक्त्यात केमिस्ट्री, गणित आणि मराठी

आमच्या संस्थेने उत्कृष्ट संशोधक पुरस्कार जाहीर केला आणि प्राचार्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, सगळ्यांचे पेपर आणि सायटेशन काढा, एच-इंडेक्सप्रमाणे उतरता तक्ता लावा. वरचं नाव संस्थेला कळवून टाकू." सायटेशन म्हणजे दुसऱ्यांनी आपल्या लेखात त्या पेपरचा दिलेला संदर्भ; आणि ज्या सर्वांत मोठ्या आकड्याइतक्या पेपरना प्रत्येकी निदान तेवढी सायटेशन असतात, तो एच-इंडेक्स. ठाण्यातल्या एका अनुदानित कॉलेजात मी ग्रंथपाल आहे. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली भरून हात बसलेला आहे, त्यामुळे काम किचकट असलं तरी आकडे गोळा करण्यापलीकडे त्यात काही असेल असं तेव्हा कुणालाच वाटलं नव्हतं.

पहिली अडचण आकड्यांची नव्हतीच, नावांची होती. आपल्याकडे स्वतःचं नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव आणि आडनाव. परदेशी जर्नल त्यातली दोन आद्याक्षरं घेतं, कधी एकच, कधी मधलं नावच आडनाव समजतं. गूगल स्कॉलरवर 'पाटील एस.' टाकून बघा, अख्ख्या जिल्ह्याची मतदार यादी उघडल्यासारखं होतं. आमच्या झूऑलॉजीच्या सरांच्या प्रोफाइलवर सिमेंट काँक्रीटच्या मजबुतीवरचे पेपर आपोआप येऊन बसले होते, आणि त्यांना सायटेशनही बऱ्यापैकी. सर म्हणाले, "असू द्या ना, आपण थोडेच घातलेत?" मी समोर बसून काढायला लावले.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर आणखी तऱ्हा. गणिताच्या मॅडमचे पीएचडीच्या वेळचे पेपर माहेरच्या नावावर, नंतरचे सासरच्या. स्कोपस या संशोधन-लेखांच्या डेटाबेसच्या लेखी त्या दोन वेगळ्या व्यक्ती, एकीचा एच-इंडेक्स चार, दुसरीचा तीन. दोन्ही एकत्र करण्याची विनंती स्कोपसकडे फुकट पाठवता येते, ती पाठवली. ऑर्किडचा (ORCID, संशोधकाची कायमची ओळख) सोळा अंकी क्रमांकही काढून दिला. ही सोय २०१२ पासून आहे, तिला पैसे पडत नाहीत आणि तिथे आपली सगळी जुनी-नवी नावं नोंदवता येतात. तरीही आमच्या निम्म्या स्टाफकडे तो नव्हता. मॅडमना वाटलं होतं, आता चार आणि तीन मिळून सात होतील. तसं होत नाही. सगळे पेपर नव्याने एका रांगेत लावावे लागतात.

ती रांग आम्ही लायब्ररीच्या टेबलावर कागदावरच मांडली. १९, ११, ८, ६, ५, ४, ३. पाचव्या पेपरला पाच सायटेशन आहेत, म्हणून पाचपर्यंत जमलं. सहाव्याला सहा हवी होती, आहेत चारच. म्हणून एच-इंडेक्स पाच. पहिल्या पेपरला १९ ऐवजी १,९०० सायटेशन असती तरी उत्तर पाचच आलं असतं. मॅडम गणिताच्या, त्यांना हे माझ्याआधी दिसलं. "म्हणजे एखाद्याने आयुष्यात एकच जबरदस्त गोष्ट केली तर त्याचा एक?" हो, एक.

आमच्या कॉलेजला स्कोपसची वर्गणी परवडत नाही. पण स्कोपस प्रिव्ह्यूवर लेखकाचं नाव शोधलं की त्याचे अलीकडचे काही पेपर आणि एच-इंडेक्स फुकट दिसतो. तोच माणूस गूगल स्कॉलरवर बघितला तर आकडा जवळजवळ नेहमीच मोठा असतो, कारण स्कॉलर प्रबंध, पुस्तकं, परिषदांच्या पुस्तिका, प्रीप्रिंट म्हणजे छापण्याआधीचे मसुदे असं सगळं मोजतं. तेव्हा सगळ्यांसाठी एकच स्रोत आणि एकच तारीख ठरवली. हे केलं नाही तर प्रत्येक जण आपल्याला सोयीचा आकडा घेऊन येतो, आलेच होते.

तक्ता तयार झाला. वर केमिस्ट्रीचे सर, एच-इंडेक्स १७. खाली बायोटेक्नॉलॉजी, फिजिक्स. बरंच खाली गणित, पाच. कॉमर्स त्याच्याही खाली. तळाला इतिहास आणि मराठी, शून्य. बेरजा-वजाबाक्या बरोबर होत्या. पण मराठीचे सर गेली पंचवीस वर्षं लिहितायत, त्यांची पुस्तकं आमच्याच कपाटात आहेत. त्यांच्या नावापुढे शून्य घालून तो कागद प्राचार्यांच्या टेबलावर ठेवणं मला जमेना.

मग मुळाशी गेले. एच-इंडेक्स ज्यांनी सुचवला ते कॅलिफोर्नियातले भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श. २००५ सालच्या त्यांच्या मूळ लेखातच हा घोळ स्पष्ट दिसतो. भौतिकशास्त्रात सगळ्यांत वर एडवर्ड विटन, ११०; जीवशास्त्रात सॉलोमन स्नायडर, १९१. म्हणून विटन स्नायडरपेक्षा कमी प्रतीचे असं कुणी म्हणणार नाही. क्षेत्राप्रमाणे आकडे बदलतात हे हिर्श यांनीच लिहून ठेवलंय. आपण लेखातलं सूत्र उचललं आणि सूचना तिथेच सोडली.

फरक का पडतो, ते जर्नल उलगडून बघितलं की कळतं. जीववैद्यकातल्या पेपरच्या शेवटी पन्नास-साठ संदर्भ सहज असतात, गणितातल्या पेपरला पंधरा-वीसवर काम भागतं. एकाने जास्त संदर्भ द्यायचे म्हणजे दुसऱ्याच्या खात्यात जास्त सायटेशन जमायची. शिवाय केमिस्ट्रीतला पेपर दोन-तीन वर्षांत वापरला जातो, गणितातलं प्रमेय कुणाला तरी वीस वर्षांनी लागतं. इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे जर्नलमधल्या लेखाला सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा, मोजताना फक्त मागच्या दोन वर्षांचे लेख धरतात, तिथे गणिताचं काय होणार? ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स हे त्या विषयातलं सर्वांत मानाचं जर्नल, त्याचाही इम्पॅक्ट फॅक्टर दहाच्या बराच खाली असतो. कर्करोगावरच्या 'सीए' या जर्नलचा शेकड्यांत जातो.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०१८ च्या नियमावलीतला रिसर्च स्कोअरचा तक्ता प्रमोशनच्या निमित्ताने सगळ्यांना पाठ आहे. त्यात विज्ञानाच्या पेपरला ८ गुण, भाषा-सामाजिक शास्त्रं-कॉमर्सच्या पेपरला १०, म्हणजे विषयांत फरक आहे हे मान्य केलंय. पण लगेच पुढे इम्पॅक्ट फॅक्टरनुसार जादा गुण आहेत आणि दहाच्या वर असेल तर ३०. दोनाची सवलत एका हाताने दिली आणि तिसाचा फरक दुसऱ्या हाताने पाडला. लेखक दोनांपेक्षा जास्त असतील तर पहिल्या किंवा मुख्य लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. गणितात नावं आडनावाच्या अक्षरक्रमाने लावायची रीत आहे, तेव्हा पहिलं नाव म्हणजे मुख्य माणूस असं नसतंच.

आता तक्ता दुरुस्त कसा करायचा? स्कोपसकडे फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट नावाचं माप आहे. त्याच विषयातल्या, त्याच वर्षीच्या, त्याच प्रकारच्या लेखांना जगभरात सरासरी जेवढी सायटेशन मिळाली तेवढीच तुम्हाला असतील तर १, दुप्पट असतील तर २. पण त्या आकड्यांचा पूर्ण हिशेब वर्गणीवाल्यांना. मी डायमेन्शन्स या दुसऱ्या डेटाबेसची फुकट आवृत्ती वापरली. तिथे लेखाच्या पानावर फील्ड सायटेशन रेशो दिसतो, कल्पना साधारण तीच. अगदी ताज्या लेखांना तो मिळत नाही, दोन वर्षं जावी लागतात. गणिताच्या मॅडमचा १९ सायटेशनवाला पेपर सरासरीच्या कितीतरी वर निघाला. केमिस्ट्रीच्या सरांचे काही पेपर चाळीस सायटेशन असूनही एकच्या आसपास. सरांना राग येईल असं वाटलं होतं, पण ते हसले. म्हणाले, "आमच्या पेपरवर सात-सात नावं असतात, मॅडम. ते तुम्ही अजून भागलेलंच नाही."

या मापातही फट आहे. विषय लहान असला की सरासरी इतकी खाली असते की मित्रमंडळींनी दिलेली थोडी सायटेशनसुद्धा माणसाला आकाशात नेतात. इम्पॅक्ट फॅक्टर काढणाऱ्या क्लॅरिव्हेट कंपनीने २०२३ च्या 'हायली साइटेड' संशोधकांच्या यादीतून गणित हा विषयच वगळला, तो याच भानगडीमुळे.

मराठीच्या सरांसाठी यातलं काहीच उपयोगी नव्हतं. त्यांचे लेख 'नवभारत', 'भाषा आणि जीवन' अशा नियतकालिकांत. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या संकेतस्थळावर मराठीतले प्रबंध भरपूर आहेत, पण जुने बरेचसे स्कॅन केलेले किंवा युनिकोडच्या आधीच्या फाँटमध्ये टाइप केलेले, त्यामुळे शोधपेटीत नाव घालून हाती काही लागत नाही. शेवटी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात जाऊन बसले. १८९३ सालची संस्था, समीक्षेची पुस्तकं रांगेने लावलेली. एकेक काढायचं आणि सरळ शेवटून उघडायचं, संदर्भसूचीपासून. सर सापडत गेले. एका पुस्तकात तळटीपेत एकदा नाव आणि पुढे पानभर 'तत्रैव', 'तत्रैव', म्हणजे तोच संदर्भ पुन्हा. एका प्रबंधाचं तर अख्खं दुसरं प्रकरण त्यांच्या मांडणीशी भांडण्यात गेलेलं. कुठल्याही परदेशी डेटाबेसमध्ये यातलं एकही सायटेशन नाही. पानांचे फोटो काढायची परवानगी घेतली आणि ते फायलीला जोडले.

समितीच्या बैठकीत संस्थेचे एक विश्वस्त होते, वागळे इस्टेटमध्ये कारखाना असलेले. त्यांनी फाईल चाळली आणि विचारलं, "मॅडम, एवढे कागद कशाला? पहिला कोण ते सांगा." मी त्यांना हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरचा २०१५ चा पेपर सांगितला. ॲटलास आणि सीएमएस या दोन प्रयोगांचा मिळून, लेखक ५,१५४. तेहतीस पानांपैकी चोवीस पानं नुसती नावांची. "या प्रत्येकाच्या खात्यात तो पेपर पूर्ण जमा होतो, साहेब. तुमच्या कारखान्यात एका ऑर्डरचं कमिशन सगळ्या कामगारांना पूर्ण-पूर्ण द्याल का?" ते म्हणाले, "म्हणजे तुमचा तक्ता खोटा." मी म्हटलं, खोटा नाही, एकाच विषयाच्या दोन माणसांपुरता खरा आहे.

चर्चा बरीच लांबली, चहा दोनदा आला. ठरलं असं की विज्ञान, वाणिज्य आणि कला असे तीन पुरस्कार, प्रत्येकाने आपली तीन कामं स्वतः निवडून द्यायची आणि ती त्या विषयातल्या बाहेरच्या जाणकाराने वाचायची. आकडे पुरवणीत, स्रोत आणि तारखेसह. इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज अजिबात नाही. शेवटच्या मुद्द्यावर प्राचार्य कुरकुरले, कारण नॅकला तेच दाखवायची सवय.

कला शाखेचा पुरस्कार मराठीच्या सरांना मिळाला. विज्ञानाचा बायोटेक्नॉलॉजीला गेला. माझ्या मते तो गणिताला जायला हवा होता, पण वाचणारे जाणकार जीवशास्त्राकडचे होते आणि तीन शाखा केल्या तरी विज्ञानाच्या पोटात पुन्हा तेच भांडण राहतंच. यंदा गणित-संख्याशास्त्र वेगळं करा असं मी लेखी दिलंय, उत्तर यायचंय. दरम्यान २०२५ च्या फेब्रुवारीत यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी बंद केल्यापासून जर्नल बरं की भुरटं हेही कॉलेजनेच ठरवायचं आहे, त्यामुळे माझ्या काउंटरवर आता तीही रांग लागते.