दुःखाच्या घरचा डबा

माणूस गेलेल्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारपाजारचे डबे येतात. आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांत सुतक नाही, पण डब्याची रीत काही सुटलेली नाही. कब्रस्तानातून घरी यावं तर ओट्यावर स्टीलचे डबे मांडून ठेवलेले असतात, बुडाला नेलपॉलिशनं कुणाकुणाची आद्याक्षरं. पिठलं-भाकरी, भरीत, एखादा मसालेभात.

संध्याकाळी सांत्वनाची भक्ती. सतरंज्या, भाड्याच्या खुर्च्या, पेटी, 'उपासना संगीता'तली गाणी. मग कुणीतरी उठून हमखास म्हणतं, "यातही प्रभूची योजना आहे." हे वाक्य मला ऐकवत नाही. ते खोटं आहे असं माझं म्हणणं नाही. पण सांगणारा घरी जाऊन पोटभर जेवून झोपणार असतो, आणि ऐकणाऱ्याला आज झोपायचं कसं हेच कळत नसतं. बायबलात संकटांनी खचलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसून होते, तोवर चांगलेच होते की. तोंड उघडलं आणि बिघडलं.

त्यापेक्षा बायबलातल्याच एलीया संदेष्ट्याची गोष्ट मला जवळची. ईजबेल राणी जिवावर उठलेली, हा रानात पळालेला. एका झुडपाखाली बसून म्हणतो, पुरे झालं प्रभू, आता माझा प्राण घे. आणि झोपी जातो. देवदूत येतो, पण समजावत बसत नाही. हलवून उठवतो आणि म्हणतो, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाणी. खाऊन हा पुन्हा आडवा. देवदूत पुन्हा येतो: खा, लांबचा पल्ला आहे. देवाशी जे काय बोलणं व्हायचं ते पुढे होरेब डोंगरावर. आधी दोनदा डबा!

पुण्याहून दौंडकडे जाताना केडगाव लागतं. तिथं पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन, निराधार बायका-मुलींचा आसरा. रमाबाई लहान वयात दुष्काळात होरपळल्या होत्या. घरातलं सगळं संपल्यावर रानात अकरा दिवस पाणी, झाडाची पानं आणि मूठभर रानखजूर यांवर काढल्याचं त्यांनी लिहून ठेवलंय. काही महिन्यांत वडील, आई, थोरली बहीण गेली. 1880 मध्ये भाऊ गेला, 1882 मध्ये नवरा कॉलऱ्यानं. 1883 मध्ये इंग्लंडात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे 1896-97 मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला, तेव्हा बाई स्वतः तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-विधवांना घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास मुक्तीतली जेवणाची पानं दोन हजारांच्या घरात गेली होती. रोजची!

मुक्ती मिशन उभं राहावं म्हणून देवानं रमाबाईंचे आईबाप उपाशी मारले, असा हिशेब कुणी मांडला तर मी तो मानणार नाही. असला देव मला नको. पण उपास म्हणजे काय हे पोटानं शिकलेली बाई दुष्काळाची बातमी ऐकून हळहळत बसली नाही, यात मात्र मला त्याचा हात दिसतो.

आमच्या आईच्या वेळी पहिला डबा आला तो शेजारच्या काकूंचा. त्यांचा तरणा मुलगा आधीच्या वर्षी गेला होता. त्यांचं पिठलं इतरांपेक्षा पातळ होतं, जवळजवळ कढीसारखं. रडून घसा बसला की कोरडा घास उतरत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. वेगळ्या पुडीत मुलांसाठी चुरमुऱ्याचा चिवडा होता, कारण मोठी माणसं रडत असली तरी मुलांना भूक लागतेच आणि मागायची चोरी होते. बायबलात प्रेषित पौलानं करिंथकरांना पत्रात लिहिलंय की आपल्या संकटात देव आपल्याला धीर देतो, तो दुसऱ्याला देता यावा म्हणून. मंडळीत हा उतारा अनेकदा वाचला जातो. मला तो कळला त्या पातळ पिठल्यापाशी.

काकू सांत्वनाच्या भक्तीत कधी साक्ष द्यायला, म्हणजे देवाचा आपला अनुभव सांगायला, उठत नाहीत. आता गुडघे धरलेत, तरी कुणाकडे काही झालं की नातवाच्या हाती डबा रवाना होतो आणि मागोमाग फोन. "खाल्लं का?" हा पहिला प्रश्न, "मीठ बरोबर होतं?" हा दुसरा. परवा त्या माझ्याशी चक्क भांडल्या. गल्लीच्या टोकाला नवीन भाडेकरू आलेत, त्यांचे आजोबा वारले आणि मी काकूंना कळवलं नाही म्हणून. "काकू, आपली त्यांची ओळखसुद्धा नाही," मी म्हटलं.

"मग ते काय उपाशी बसणार?" म्हणाल्या, आणि नातवाला बेसन आणायला पिटाळलं.