स्टूल, मेट्रोनोम आणि धुळ्याचा मे महिना

धुळ्यात जिम ट्रेनरला कुणी सर्टिफिकेट विचारत नाही. दंड दिसले की झालं. तरी मी एका संस्थेच्या फिटनेस टेस्टिंगच्या कोर्सला नाव घातलं. मेंबर लोक विचारायचे, "सर, दम वाढला का माझा?" आणि वजनकाट्याशिवाय माझ्याकडे दाखवायला काही नसायचं. थिअरी ऑनलाइन, प्रॅक्टिकल आणि तोंडी परीक्षा पुण्यात.

थिअरी निम्मी एका फिकच्या समीकरणाभोवती फिरते. हृदय मिनिटाला किती रक्त फेकतं, त्याला गुणायचं त्या रक्तातून शरीर किती ऑक्सिजन काढून घेतं त्याने. उत्तर म्हणजे शरीराने मिनिटाला वापरलेला ऑक्सिजन. नुसतं पाठ करून ते डोक्यात शिरत नव्हतं, आकडे घातल्यावर शिरलं. बसल्या जागी हृदय मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फेकतं. ठोके ७० असतील तर एका ठोक्याला ७१ मिलिलिटर. रोज पळणाऱ्याला तेवढंच रक्त लागतं, पण त्याचे ठोके ५० वर असतात, म्हणजे एका ठोक्याला १००. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं घड्याळात ५० चा आकडा बघून घाबरून यायची. त्यांना आता हेच गणित कागदावर मांडून देतो.

सरावाला सगळ्यात सोपी तीन मिनिटांची स्टेप टेस्ट. बरोबर १२ इंच उंचीचं स्टूल सुताराकडून करून घेतलं, हलू नये म्हणून खाली रबर ठोकलं. मोबाईलवर मेट्रोनोम, म्हणजे ठरावीक लयीत टकटक करणारं ॲप, मिनिटाला ९६ टकटकींवर लावायचा. वर, वर, खाली, खाली. मिनिटाला २४ चढ-उतार. तीन मिनिटं झाली की लगेच बसायचं, ५ सेकंदांच्या आत नाडी धरायची आणि पूर्ण एक मिनिट मोजायची. मनगटावर दोन बोटं ठेवायची, अंगठा नाही, कारण अंगठ्याची स्वतःची नाडी मध्ये येते. या उंचीला आणि या वेगाला किलोमागे मिनिटाला साधारण २६ मिलिलिटर ऑक्सिजन लागतो, म्हणजे आरामाच्या सातपट तरी. काम सगळ्यांना सारखं. ते करून कुणाचं हृदय किती लवकर शांत होतं, एवढंच बघायचं असतं.

पण हृदय फक्त फिटनेसमुळे धडधडत नाही, आणि हे आमच्या पत्र्याच्या शेडने मला पुस्तकाआधी शिकवलं. मे महिन्यात एका पोराची टेस्ट सकाळी सहाला घेतली, नाडी ९८. त्याच पोराची, त्याच स्टुलावर, दुपारी घेतली तर ११९. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळतं, घामाने रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यामागे रक्त कमी पडतं. मग मिनिटाचा हिशोब पुरा करायला ठोके वाढवावे लागतात. जानेवारीत, धुळ्यात पारा एक आकड्यावर असताना, घेतलेली टेस्ट मेच्या दुपारच्या टेस्टशेजारी ठेवली, तर मेहनत करूनही माणूस खचला असंच दिसेल. चहा, तंबाखू, रात्रीची झोप यांचंही तेच.

आणि गोळ्या. टेस्टच्या आधी प्रश्नावली भरून घ्यायची असते. छातीत दुखतं का, चक्कर येते का, औषध चालू आहे का. साठीचे एक अप्पा सगळीकडे 'नाही' लिहून मोकळे झाले. गप्पांत निघालं की बीपीची गोळी वर्षानुवर्षं चालू. विचारलं तर म्हणाले, "ती ते रोजनी गोळी शे!" पाकीट आणायला लावलं. बीटा ब्लॉकर निघाला. ही गोळी ठोके फारसे वाढू देत नाही. नाडीवरून हिशोब केला असता तर अप्पा कागदावर खेळाडू ठरले असते. डॉक्टरांची चिठ्ठी येईपर्यंत टेस्ट नाही, हे त्यांना आवडलं नाही. चिठ्ठी आल्यावरही त्यांच्यासाठी नाडी बाजूला ठेवली. बोर्गचा तक्ता वापरला, त्यात किती दमल्यासारखं वाटतं ते माणसाने स्वतःच ६ ते २० मधल्या आकड्यात सांगायचं असतं; १२-१३ च्या पुढे जायचं नाही आणि चालताना बोलता आलं पाहिजे.

भरतीच्या पोरांना असलं हळूहळू काही नको असतं, त्यांना पळायचं असतं. त्यांच्यासाठी कूपरची १२ मिनिटांची टेस्ट, १९६८ पासूनची. जितके मीटर होतील त्यातून ५०४.९ वजा, ४४.७३ ने भाग. उत्तर म्हणजे शरीर किलोमागे मिनिटाला जास्तीत जास्त किती मिलिलिटर ऑक्सिजन वापरू शकतं त्याचा अंदाज. ४०० मीटरच्या सात फेऱ्या मारल्या की उत्तर ५१ च्या वर येतं. फक्त सुरुवातीलाच सुसाट सुटणारा आठव्या मिनिटाला चालायला लागतो, तेव्हा तो आकडा दमाचा नसतो, अंदाज चुकल्याचा असतो.

पुण्यातलं प्रॅक्टिकल सायकलवर होतं. तीन-तीन मिनिटांचे टप्पे, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाच्या शेवटी नाडी. दोन्हींत ५ पेक्षा जास्त फरक असेल तर सायकलवरचा भार वाढवायचा नाही, त्याच टप्प्यावर आणखी एक मिनिट. ठोके स्थिरावल्याशिवाय तो आकडा त्या कामाचा धरता येत नाही. तोंडीत विचारलं, कमाल ठोके २२० वजा वय धरले तर काय बिघडतं? म्हटलं, सरासरी म्हणून ठीक, पण एकेका माणसात १०-१२ ठोक्यांचा फरक सहज पडतो, आणि मग काम आणि ठोके यांच्या आलेखावर कमाल ठोक्यांपर्यंत पुढे ओढलेली रेघही चुकीच्या जागी थांबते. मॅडमनी मान डोलावली आणि लगेच रक्तदाब घ्यायला लावलं. त्यात दंडाला गुंडाळायच्या पट्ट्याचं, म्हणजे कफचं, माप बघून निवडायचं असतं, ते मात्र कुणी आधी सांगत नाही.

पास झालो. कुणी खानदेशातून करणार असेल तर सीपीआरचं (हृदय बंद पडल्यावर छाती दाबून करायच्या प्रथमोपचाराचं) सर्टिफिकेट आधी काढून ठेवा, ते संपलेलं असेल तर फॉर्म अडकतो. सरावासाठी माणसं पहाटेची बोलवा. आणि नोंदवहीत नाडीशेजारी तापमान, वेळ आणि चालू गोळ्या असे तीन रकाने आखूनच सुरुवात करा.