जेवल्यावर दोन तासांत पुन्हा भूक: माझा अनुभव

पोटभर जेवूनही दोन-तीन तासांत पोटात खड्डा पडायचा. काही खाल्लं की बरं वाटे, मग पुन्हा तेच. आई म्हणाली, "जंत झाले असतील, औषध घे." आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर, शिवाय थायरॉइड तपासून घेतलं. सगळं नॉर्मल. मग आहारावर संशय. नाश्त्याला नुसते पोहे आणि चहा, त्यात प्रथिनं ती किती असणार! मटकीची उसळ, अंडी सुरू केली. सकाळ थोडी सुधारली. रात्रीचं काही हलेना.

पोटाच्या डॉक्टरांनी दोनच गोष्टी विचारल्या. झोपेतून जाग येते का? येते, रात्री दीड-दोनला. नेमकं कुठे होतं, बोट ठेवून दाखवा. बोट बेंबीच्या वर, बरगड्यांच्या मध्ये गेलं. "ही भूक नसावी, दुर्बिणीतून बघू," म्हणाले.

एंडोस्कोपीची धास्ती होती, ती नळी घशाखाली उतरेपर्यंतच. आदल्या रात्रीपासून उपाशी, घशात कडू फवारा, डाव्या कुशीवर झोपायचं, दातांत प्लास्टिकची कडी. उमासे येतात, पण काही मिनिटांत आटोपतं. लहान आतड्याच्या सुरुवातीलाच जखम, म्हणजे अल्सर, निघाली. जठरातला कणभर तुकडा पिवळ्या जेलमध्ये टाकला, तो भाग गुलाबी झाला. म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जठरात राहणारे जंतू. आईचा अंदाज निम्मा बरोबर म्हणायचा.

अन्न असेपर्यंत आम्लाची धार कमी होते, जठर रिकामं झालं की ते जखमेला झोंबतं, आणि ते झोंबणं मला भुकेसारखं वाटत होतं. रात्री दूध पिऊ का, विचारलं तर म्हणाले, घटकाभर शांत वाटेल, मग आम्ल उलट वाढेल. अल्सर तिखटानं आणि काळजीनं होतो असंच पूर्वी धरून चालत. खरं कारण हे जंतू आहेत, हे दाखवायला ऑस्ट्रेलियाच्या डॉ. बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये ते स्वतः पिऊन पोट बिघडवून घेतलं, २००५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरेन यांना या शोधासाठी नोबेल मिळालं. अशी माणसं असतात!

दोन अँटिबायोटिक आणि आम्ल कमी करणारी गोळी, चौदा दिवस. तोंडाला सतत लोखंडी चव, चहासुद्धा नकोसा. बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडायचा नाही, हे बजावून सांगितलं होतं. जंतू गेले का, ते तपासायला अँटिबायोटिक संपल्यावर किमान चार आठवडे थांबावं लागतं. शेवटचे दोन आठवडे आम्लाची गोळीही बंद, नाहीतर जंतू असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो. मी शौचाची तपासणी केली, निगेटिव्ह आली. नुसत्या पोह्यांवर अकराला भूक अजूनही लागते, पण ती मूठभर शेंगदाण्यांनी भागते.