गांडुळं मेली नाहीत, एवढंच उत्तर पुरत नाही

प्रबंधाला तणनाशकाचा विषय घेतला तो बाबांमुळे. काटोलकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत ते ग्लायफोसेट मारतात आणि दरवर्षी विचारतात, "यानं गांडुळं मरतात का गं?" शुद्ध रसायनाऐवजी मी दुकानात मिळणारं औषधच घेतलं. पानावर पसरावं म्हणून त्यात मिसळलेला साबणासारखा घटकही जिवांना बाधू शकतो.

आधी मधमाश्यांवरची चाचणी उरकली, संत्र्याचा आंबिया बहार (फुलोरा) संपायच्या आत. कार्बन डायऑक्साइडनं माशी गुंगवायची आणि तिच्या पाठीवर, पंखांच्या मधोमध, 1 मायक्रोलिटरचा थेंब ठेवायचा. हात जरासा हलला की थेंब पंखावर जातो आणि माशी बाद होते. पहिल्या दिवशी मी निम्म्या माश्या बाद केल्या आणि रडकुंडीला आले. मग 25 अंशांवर, अंधारात, साखरेच्या पाण्यावर 48 तास. तुलनेसाठी डायमेथोएट हे जहाल कीटकनाशक दिलेल्या माश्या सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी पाय आखडून पडल्या होत्या. माशीमागे 100 मायक्रोग्रॅम तणनाशक दिलेल्या मात्र जाळीवर चढत होत्या.

गांडुळांनी खरी परीक्षा घेतली. 70 टक्के वाळू, 20 टक्के केओलिन (पांढरी चिकणमाती), 10 टक्के पीट (कुजलेलं शेवाळ) अशी माती कालवायची. आपली काळी माती चालत नाही, कारण जगभरच्या निकालांशी तुलना करता यायला हवी. एका बरणीत अंगावर पट्टा आलेली, म्हणजे वयात आलेली 10 गांडुळं, 20 अंश तापमान, दिवसरात्र दिवा, म्हणजे ती मातीतच राहतात. एप्रिलमध्ये एका रात्री लाइट गेली आणि इन्क्यूबेटर बंद पडला. चौदाव्या दिवशी औषध न घातलेल्या चार बरण्यांतली 40 पैकी 7 गांडुळं मेलेली निघाली. औषधाविना मरणाऱ्यांची मर्यादा 10 टक्क्यांची. चाचणी रद्द. त्या बरण्या धुताना फार वाईट वाटलं, पण ते आकडे वापरायचा विचारही केला नाही.

दुसऱ्या खेपेला सगळं सुरळीत झालं. सर्वांत मोठ्या डोसलाही जवळपास सगळी जगली, पण त्यांचं वजन औषध न घातलेल्या बरण्यांतल्यांपेक्षा जास्त घटलं होतं. बाबांना मी तेवढंच सांगितलं. "मेली नाहीत ना?" ते म्हणाले. मला ते पटत नाही. ग्लायफोसेट ज्या एन्झाइमला अडवतं ते प्राण्यांत नसतं, म्हणून माशी मरत नाही. पण तिच्या आतड्यातल्या काही जिवाणूंत ते असतं आणि त्यांना फटका बसतो, हे 2018 च्या संशोधनात दिसलं आहे. 48 तासांच्या पिंजऱ्यात ते कुठून कळणार?

म्हणून मी 56 दिवसांची प्रजनन चाचणी लावली आहे, घरच्या शेणाचं खाद्य देऊन. परवा 28 दिवस झाले, मोठी गांडुळं काढून घेतली. आता मातीत उरलेत ते त्यांच्या अंड्यांचे कोष.