जात्याची घरघर

रविवार, रात्रीचे साडेअकरा

आज किंग क्रिओसोट आणि जॉन हॉपकिन्स यांचा ‘डायमंड माइन’ हा अल्बम तीनदा ऐकला. सातच गाणी, जेमतेम अर्ध्या तासाचा ऐवज. याआधी कितीदा तरी ऐकलाय, पण कामं करता करता. आज दिवा मालवून, हेडफोन लावून नुसती बसले.

किंग क्रिओसोट म्हणजे केनी अँडरसन. स्कॉटलंडच्या फाइफचा, समुद्रकाठच्या गावांतला गाणारा. जॉन हॉपकिन्स लंडनचा, इलेक्ट्रॉनिक संगीत करणारा. दोघांचा मिळून हा पहिला अल्बम, २०११चा. सात वर्षं अधूनमधून त्यावर काम चाललं होतं म्हणे. गाणी बहुतेक अँडरसनची जुनीच. हॉपकिन्सनं ती निवडून घेतली आणि त्यांच्याभोवती हळूहळू सूर विणत गेला. ब्रिटनमध्ये वर्षातल्या उत्तम अल्बमला मर्क्युरी पारितोषिक देतात, त्याच्या यादीतही त्या वर्षी हा अल्बम होता. पारितोषिक गायिका पीजे हार्वीला मिळालं.

सुरुवातीला गाणं नाहीच. फाइफमधल्याच एका कॅफेतली लोकांची बोलणी, कपबश्यांची किणकिण, आणि त्या गलबल्यात पियानो असा अलगद शिरतो की कधी आला ते कळत नाही. लोक गप्प होत नाहीत. तो पियानोही त्यांना गप्प करू बघत नाही. मला इथंच भरून येतं.

लोकगीताखाली ठोकळेबाज ठेका घालून त्याला ‘नवं’ करणारे खूप ऐकलेत. फार राग येतो त्याचा. ते गाणं आपल्या चालीनं चाललेलं असतं, त्याला दंडाला धरून फरफटत नेतात. इथं एका ठिकाणी ठेका येतो, तोही दबकत. बाकी सगळीकडे पेटीचा एकच स्वर धरून कुणी मागं बसावं, तसा लांबच लांब सूर. ‘जॉन टेलर्स मंथ अवे’मध्ये एक जण महिनाभरासाठी समुद्रावर निघालाय आणि गाणारा किनाऱ्यावर आहे. शब्द संपले तरी तो सूर संपत नाही. हळूहळू लांब जात राहतो. तिसऱ्यांदा ऐकताना मी श्वास धरून बसले होते.

आणि तेव्हाच आजी आठवली.

२०१४च्या दिवाळीत गावी तिच्या ओव्या मोबाइलवर रेकॉर्ड केल्या होत्या. नुसती बसून म्हण म्हटलं, तर दोन ओळींवर अडली. “जातं असल्याबिगर न्हाई येत गं,” म्हणाली. मग पडवीतलं जातं झाडून घेतलं, खुंटा ठोकून बसवला, मूठभर जोंधळे टाकले. पहिला फेरा फिरला आणि ओव्या येतच राहिल्या, एकीतून दुसरी. जात्यात दाण्यांची वैरण घालायला हात थांबला की आवाजही थांबायचा.

ती गेल्यावर मी ते रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर घेऊन ‘साफ’ केलं. जात्याची घरघर सलग, एकसुरी. सॉफ्टवेअरला ती खरखर वाटली, आणि मलाही. काढून टाकली. आवाज स्वच्छ निघाला. सगळ्या भावंडांना तोच पाठवला. पण तो ऐकताना कायम वाटायचं, आजी अशी उघड्यावर का पडल्यासारखी वाटते? सूर हलतोय कसा तिचा? म्हातारपणामुळे असेल, असं मी धरून चालले होते.

तिचा सूर हलत नव्हता. ती ज्या सुराला धरून गात होती तोच मी काढून घेतला होता.

मूळ फाइल आहे की नाही याचीच धास्ती होती. जुन्या हार्ड डिस्कवर, तारखेच्या नावानं ठेवलेल्या फोल्डरात सापडली. आत्ताच लावली. आधी कावळा, मग कुणीतरी बादली ठेवल्याचा आवाज. बाहेरून काकूची हाक, “दूध आलं का?” आजी उत्तर देत नाही. खुंटा एकदा करकरतो, दगड फिरायला लागतो आणि त्या घरघरीतून तिचा आवाज वर येतो.

उद्या सकाळी सगळ्यांना हीच पाठवणार.